पंचगंगेवर एवढं हिरवंगार केंदाळ (जलपर्णी), मग त्यावर जगणारं काहीच कसं नाही?

काठावरची
नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह चालू आहे. हिरव्या वनस्पती उत्पादक, बाकी सगळी साखळी त्यांच्या जिवावर, एवढं तिला पटलं. मग तिनं विचारलं, "शिरोळकडं जाताना नदी या काठापासून त्या काठापर्यंत हिरवी दिसते. तिथं तर उत्पादकच उत्पादक आहेत. मग मासे, बगळे, खंड्या तिथं सगळ्यात जास्त पाहिजेत की. उलट मासे मरतात ते का?"
दुसरा प्रश्न माझा. दर पातळीला दहाच टक्के ऊर्जा पुढे जाते म्हणतात. उरलेली नव्वद जाते कुठं?
पुस्तकातलं वाक्य परत नको. कुणाला नीट उलगडून सांगता आलं तर सांगा.

खोडवा
ताई, दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. पाटाला पाणी सोडलं की तोंडाजवळच्या रानाला धो धो मिळतं आणि टेलच्या माणसापर्यंत करंगळीएवढी धार पोचते. वाटेत मुरतं, फुटतं, उडून जातं. अन्नसाखळी तशीच. चार-पाच कड्यांच्या पुढं साखळी जात नाही, कारण तिथवर काही उरतच नाही.

लाल_माती
नाद खुळा खोडवा! एका झटक्यात समजलं.

प्रयोगवही
खोडवा, उदाहरण आवडलं, पण एका जागी ते थांबतं. पाटातून मुरलेलं पाणी खालच्या विहिरीला लागतं, परत उपसता येतं. अन्नसाखळीत उष्णता होऊन गेलेली ऊर्जा मात्र कुठल्याच झाडाला किंवा प्राण्याला पुन्हा अन्न म्हणून वापरता येत नाही. नत्र, स्फुरद, कार्बन फिरून फिरून येतात. ऊर्जा सूर्याकडून रोज नवी यावी लागते.

आता नव्वद टक्क्यांचा हिशोब. उसाच्या पानावर नाकतोडा बसलाय असं समजा. एक, रानातला बहुतेक पाला तो खातच नाही. दोन, जेवढा खातो त्यातला बराचसा विष्ठेतून बाहेर पडतो, कारण तंतुमय भाग त्याला पचत नाही. तीन, पचलं त्यातलं पुष्कळसं उड्या मारण्यात आणि जिवंत राहण्यात खर्च होतं. उरलं ते त्याच्या अंगी लागलं, आणि सरड्याला मिळतं ते एवढंच. सरड्याच्या मागं साप, सापाच्या मागं मोर किंवा सर्पगरुड, प्रत्येक ठिकाणी हीच कथा.

दहा हा आकडा अंदाजाचा आहे. रेमंड लिंडमन या तरुण शास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या एका लहानशा तळ्याचा ऊर्जेचा हिशोब मांडला, त्याचा निबंध १९४२ मध्ये छापून आला. त्याच वर्षी, वयाच्या २६ व्या वर्षी तो गेला. त्याला वेगवेगळ्या पातळ्यांवर १३ टक्के, २२ टक्के असे आकडे मिळाले होते. हॉवर्ड ओडमनं फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्ज या झऱ्याचा अभ्यास १९५७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथं वनस्पतींनी दर चौरस मीटरला वर्षाला २०,८१० किलोकॅलरी बांधल्या. शाकाहाऱ्यांपर्यंत ३,३६८ पोचल्या, त्यांना खाणाऱ्यांपर्यंत ३८३, आणि सगळ्यात वरच्या मांसाहाऱ्यांपर्यंत फक्त २१. पातळीगणिक टक्केवारी काढली तर सुमारे १६, ११ आणि साडेपाच येते.

आणि ताई, त्याच झऱ्यात विघटकांकडे, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींकडे, गेल्या ५,०६०. शाकाहाऱ्यांपेक्षा जास्त! तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर या आकड्यात आहे, पण ते जीवरसायन यांनी सांगावं. त्यांचा हात पाण्यात जास्त असतो.

लाल_माती
सर एक शंका. ऊर्जा नष्ट होत नाही असं शाळेत घोकून घेतलं होतं. मग उष्णता झाली म्हणजे गेली कुठं?

खोडवा
हे मी सांगतो. थंडीत पहाटे उकिरड्याला फावडं लाव. वरचा थर गार असतो. हातभर खाली गेलास की भकाभका वाफ येते, हात घातला तर चटका बसतो. चांगला रचलेला ढीग ६० अंशापर्यंत तापतो. आत चूल नाही, वीज नाही. वैरणीतली आणि शेणातली ऊर्जा जिवाणू खातात, त्यांच्या जगण्याची ती ऊब. ती हवेत गेली की संपलं. नष्ट झाली नाही, पण आता तिच्यावर एक मुंगीसुद्धा जगणार नाही.

जीवरसायन
सरांनी चेंडू माझ्याकडं टाकलाय तर जरा सविस्तर लिहितो. मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात.

काठावरची ताई, तुमच्या लेकीनं फार मोठी गोष्ट पकडलीय. हिरवं असणं आणि खाल्लं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंदाळ मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिकडं त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्याबरोबरच वाढलेले. आपल्याकडं ते आलं तेव्हा खाणारा मागंच राहिला. आपल्या माशांना त्याची जाड, पाणी भरलेली, रेशाळ पानं फारशी चालत नाहीत. म्हणजे उत्पादक भरपूर, पण पहिल्या खाणाऱ्या कडीचा हात त्याला लागत नाही.

मग एवढी ऊर्जा जाते कुठं? केंदाळ पोसलं की जुनी पानं, मुळं गळून तळाला जातात, कुजतात. म्हणजे जवळजवळ सगळी ऊर्जा विघटकांच्या वाटेनं जाते. कुजवायला जिवाणूंना प्राणवायू लागतो, तो ते पाण्यातून ओढतात. केंदाळाची पानं पाण्याच्या वर असल्यामुळं त्यांनी तयार केलेला प्राणवायू हवेत जातो, पाण्याला त्याचा उपयोग नाही. वरून जाजम अंथरल्यासारखं झाल्यानं वारा पाण्याला लागत नाही, तिथूनही प्राणवायू मिसळत नाही. आणि उजेड बंद झाल्यानं पाण्यातलं शेवाळ आणि तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती मरतात. खरं तर माशांची साखळी या सूक्ष्म वनस्पतींवरच उभी असते. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांचं एकूण वजनही थोडं भरतं, पण त्या भराभर वाढतात आणि भराभर खाल्ल्या जातात.

मासे बहुतेक वेळा पहाटे का मरतात तेही यातच आहे. रात्री पाण्यातलं प्रकाशसंश्लेषण बंद, श्वसन सगळ्यांचं चालू. उजाडायच्या आधी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. रोहू, कटला वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. मरळ टिकतो, कारण त्याला थेट हवेतून श्वास घेता येतो.

भोगावती_तीर
सगळं खरं असेल, पण केंदाळाला आरोपी करून मोकळं होऊ नका. नदीत गावोगावचं सांडपाणी येतंय, साखर कारखान्यांकडचं मळीचं पाणी येतंय. दरवर्षी बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडतो तो त्यानं. केंदाळ काढायचं, फोटो काढायचा, आणि नाला तसाच वाहता ठेवायचा, हे किती वर्षं बघायचं?

जीवरसायन
भोगावती_तीर, तुमचा राग रास्त आहे आणि शास्त्रही तुमच्याच बाजूनं आहे. दोन भाग करून बघा.
सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद असतं. ते केंदाळाचं खत. खत नसेल तर केंदाळ असं माजत नाही. पोषक पाण्यात ते साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं.
दुसरा भाग मळीच्या पाण्याचा. त्यात उरलेले साखरेचे आणि इतर सेंद्रिय पदार्थ असतात. ती ऊर्जा नदीनं सूर्याकडून घेतलेली नाही, ती कुणाच्या तरी रानातल्या उसानं घेतलेली आहे. ती आयती नदीतल्या जिवाणूंच्या तोंडात पडते. ते काही तासांत वाढतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर नदीच्या परिसंस्थेत बाहेरून एवढी ऊर्जा ओतली जाते की ती पेलायला तिच्याकडं प्राणवायूच नसतो.

खोडवा
यात आपल्या केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्यांचाही भाग आहे. पावसाळा संपला की बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात, पाणी अडतं. शेतीला ते लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण पाणी उभं राहिलं की केंदाळ बंधाऱ्यापाशी तुंबतं. पुरात सगळं वाहून जातं, नदी चार महिने मोकळी दिसते, आणि उन्हाळ्यात पुन्हा तेच.

निळा_खंड्या
ताईच्या शीर्षकातल्या "काहीच नाही" ला माझा विरोध आहे. केंदाळाच्या कडेला उभं राहून दुर्बिणीतून बघा. कमळपक्षी लांब बोटं पसरून पानांवरून चालत किडे टिपतो. जांभळी पाणकोंबडी कोवळे कोंब पायात धरून खाते, अगदी माणसानं भाकरीचा तुकडा धरावा तशी. वंचक कडेला दगडासारखा बसलेला असतो. केंदाळाच्या मुळांच्या झुपक्यात गोगलगायी आणि कीटकांच्या अळ्या असतात. साखळी आहे. पण ती कडेला आहे, जिथं मोकळं पाणी आणि केंदाळ शेजारी शेजारी असतात. मधोमध जिथं सलग पसरलंय तिथं खरंच शुकशुकाट.
खंड्याचं मात्र पटलं. त्याला पाणी दिसलंच नाही तर तो सूर मारणार कशात?

काठावरची
निळा_खंड्या, हे वाचून लेक म्हणाली, "म्हणजे कडा मोजायला पाहिजे, क्षेत्रफळ नाही." रविवारी दुर्बीण मागून घेणार आहे.

जीवरसायन
खाणाऱ्या किड्यांचं अर्धवट राहिलं होतं. केंदाळ खाणारे ते दक्षिण अमेरिकेतले भुंगे १९८० च्या दशकात आपल्या देशात आणून सोडले गेले. मोठे भुंगे पानं कुरतडतात, अळ्या देठात शिरतात. काही तलावांत चांगला परिणाम दिसला. पण त्यांना वेळ लागतो, आणि जिथं खत सतत मिळतं तिथं केंदाळ त्यांच्यापेक्षा वेगानं वाढतं.

लाल_माती
आता माझा प्रश्न. तालमीत आम्ही दूध, बदाम, मटण हाणतो. सरांच्या हिशोबानं त्यातलं बहुतेक हवेत जातंय म्हणजे वस्तादांना काय सांगू? 😄

प्रयोगवही
वस्तादांना सांग की शंभर जोर मारल्यावर हौद्यात अंगातून जी वाफ निघते, ती म्हैस, वैरण आणि ऊन यांचीच आहे. माणूस उष्णरक्ताचा. सस्तन प्राणी आणि पक्षी पचवलेल्या ऊर्जेतली एक-तीन टक्केच नव्या मांसात घालतात, बाकी शरीर ऊबदार ठेवण्यात आणि हालचालीत जाते. किडे यात फार काटकसरी. साप तर एक घूस गिळली की कित्येक दिवस निवांत. म्हणून एका बांधावर दोन-तीन धामणी नांदतात, पण तेवढ्याच उंदरांवर तेवढी मुंगसं नाही जगत.

सात्त्विक_कोल्हापूरकर
म्हणजे मटण सोडून थेट धान्य खाल्लं तर एक पूर्ण पातळी वाचते. तेवढ्याच जमिनीत जास्त माणसं जगतील. हा मुद्दा कुणी मांडत का नाही?

लाल_माती
तांबड्या-पांढऱ्याच्या गावात हा मुद्दा मांडायला धाडस लागतं, ते तुम्ही दाखवलंत. मानलं.

खोडवा
सात्त्विक दादा, मुद्दा बरोबर आहे, पण अर्धा. जनावराला मका, सोयाबीन चारून मांस काढलं तर तोटाच. पण आमची म्हैस उसाचं वाडं (शेंड्याचा हिरवा पाला) खाते, कडबा खाते. धनगराची मेंढी पडीक माळावरचं गवत खाते. ते माणसाला पचतं का? म्हशीच्या पोटातल्या जिवाणूंना पचतं. म्हणजे जी ऊर्जा माणसाच्या ताटात येऊच शकत नव्हती ती दूध होऊन येते. पन्हाळ्याच्या वरच्या माळावर ज्वारी घेऊन बघा काय हाताला लागतंय ते.

सात्त्विक_कोल्हापूरकर
वाड्याचं पटलं. कोंबडीखाद्यासाठी मका लावणाऱ्यांबद्दल माझं म्हणणं कायम आहे.

राधानगरीकर
तुम्ही सगळे नदी आणि ताटात अडकलाय, जरा घाटावर या. दाजीपूरच्या जंगलाला १९५८ पासून संरक्षण आहे, आजच्या राधानगरी अभयारण्याचं क्षेत्र साधारण ३५१ चौरस किलोमीटर. लोक गवे बघायला येतात आणि विचारतात, वाघ का दिसत नाही? ऊर्जेच्या हिशोबानं उत्तर सोपं आहे. एका वाघाला वर्षाला साधारण ५० मोठ्या शिकारी लागतात. त्या काढून घेतल्यावरही कळप टिकायचे तर मागं ५०० च्या आसपास जनावरं हवीत. तेवढ्या जनावरांना गवत, बांबू, पाला, पाणी हवं. म्हणून वाघ एका जंगलात मावत नाही. चांदोली-कोयनेपासून राधानगरी आणि पुढं तिलारीपर्यंतचा पट्टा जोडलेला राहायला हवा, तो यासाठी.

आणि गव्याकडं नुसतं शिंगांसाठी बघू नका. पहिल्या पावसानंतर गव्याचं ताजं शेण काठीनं उलटून बघा. अर्ध्या तासात शेणकिडे येतात, गोळे करून ढकलत नेतात, काही तिथंच खाली बीळ पाडून शेण आत ओढतात. दोन दिवसांत वर नुसता चोथा उरतो. त्या किड्यांवर पक्षी, बेडूक जगतात. गव्याला न पचलेल्या गवतावर अशी दुसरी साखळी उभी राहते. जंगलात झाडांनी तयार केलेल्यातलं बहुतेक सगळं असंच पाचोळा आणि शेणाच्या वाटेनं जातं. जिवंतपणी खाल्लं जातं ते थोडं.

निळा_खंड्या
यात गिधाडं विसरू नका. मेलेलं जनावर ही पण ऊर्जेची मोठी वाट होती. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळं गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात हे २००४ मध्ये सिद्ध झालं, २००६ मध्ये आपल्याकडं जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. मढं कुजायचं थांबलं नाही. ती ऊर्जा भटक्या कुत्र्यांकडं वळली.

खोडवा
राधानगरीकरांच्या पाचोळ्यावरून मुद्द्याला येतो. ऊस म्हणजे उन्हाची ऊर्जा बांधण्यात पिकांमधला दादा. ऊस कारखान्याला जातो, ते ठीक, ते आपलं पोट. पण तोडणी झाल्यावर हेक्टरी आठ-दहा टन पाचट (उसाचा वाळलेला पाला) रानात पडतं आणि लोक काडी लावतात. मातीतल्या सगळ्या जिवांचं वर्षाचं जेवण तासाभरात धूर होतं. नत्रही बरंचसं हवेत जातं. आम्ही पाचट ठेवायला लागलो. सरी आड सरी दाबून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारं जिवाणू कल्चर. आषाढात ओलं पाचट उचलून बघा, खाली पांढऱ्या बुरशीच्या तारा जाळ्यासारख्या पसरलेल्या असतात, वाणी, गोम, बारीक उड्या मारणारे किडे, आणि त्याखाली गांडुळांची विष्ठा दाण्यादाण्यानं. औताच्या मागं बगळे येतात ते त्यासाठीच.

भोगावती_तीर
लिहायला सोपं आहे खोडवा. आमच्याकडं पाचट ठेवलं तर उंदीर आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) दोन्ही वाढतात. शेजाऱ्यानं बांधाला काडी लावली की आमचं खोडव्याचं (तोडलेल्या उसाच्या फुटव्याचं) पीकही जळतं. मजूर म्हणतात पाचटात पाणी पाजायला त्रास होतो. तुमचं रान मोठं असेल, आमचं गुंठ्यात आहे.

खोडवा
भोगावती_तीर, पाणी आणि शेजाऱ्याची अडचण खरी आहे, त्याला माझ्याकडं सोपा उपाय नाही. शेजारी शेजारी मिळून ठरवलं तरच जमतं. हुमणीचं वेगळं. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमतात. तेव्हा फांद्या हलवून, प्रकाश सापळे लावून गोळा केले तर अळ्या कमी होतात. हे सगळ्या गावानं एकदम करायला लागतं. उंदरांचं नंतर लिहितो, धार काढायची वेळ झाली.

प्रयोगवही
ताई, आता मूळ प्रश्नावर येऊ. लेकीला वहीत साखळी काढायला सांगाल तेव्हा एका ओळीत गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशी काढू नका म्हणावं. प्रत्येक कडीपासून एक बाण खाली विघटकांकडं काढायचा, आणि बाणाची जाडी ऊर्जेच्या प्रमाणात ठेवायची. केंदाळाच्या चित्रात वरचा बाण केसासारखा आणि खालचा मनगटासारखा जाड येईल. आणि विघटकांपासून एक बाण प्राणवायूकडं, तो वजाबाकीचा.

काठावरची
सर, तिनं काढलं! आणि बाहेरून येणारा आणखी एक बाण काढलाय, सांडपाण्याचा, लाल पेन्सिलीनं. बाईंनी विचारलं हा पुस्तकात कुठाय, तर म्हणाली पुस्तकात नाही, नदीत आहे.

भोगावती_तीर
पोरगी नाव काढणार. खरंच.

जीवरसायन
फारच छान. ताई, एक व्यावहारिक गोष्ट तिला सांगा. केंदाळ काढून काठावर ढीग लावला तर पावसात तेच नत्र-स्फुरद पुन्हा नदीत उतरतं. ढीग काठापासून लांब नेऊन खत केलं तर नदीतली पोषकद्रव्यं खरोखर बाहेर निघतात. मात्र कारखानदारी भागातल्या केंदाळाच्या मुळांत जड धातू साठलेले असू शकतात. ते खत भाजीपाल्याला घालण्याआधी तपासून घ्यायला हवं.

खोडवा
आलो. भोगावती_तीर, उंदरांचं सांगतो. रानात इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचे पक्षीथांबे रोवा, उसाच्या शेंड्याच्या वर येतील एवढे उंच. दिवसा कोतवाल बसून किडे मारतो, रात्री पिंगळा आणि गव्हाणी घुबड बसतं. लावणीनंतर ऊस लहान असताना त्यांचा जास्त उपयोग, रान दाटल्यावर घुबडाला जमीन दिसत नाही, तेव्हा बांध स्वच्छ ठेवून बिळं शोधायची. विषाच्या गोळ्या टाकू नका, विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या पोटात गेला की घुबडही मरतं. धामण दिसली तर मजुरांना आधीच सांगून ठेवा, ती बिनविषारी आहे, काठी उचलायची नाही. थांब्याला बांबू लागणार असतील तर माझ्याकडं बेट आहे, येऊन तोडून न्या.